घाटात दमणारी गाडी

१४ नोव्हेंबर २००७, बुधवार

मिळालं! काम मिळालं! संस्थेच्या डॉक्टरबाईंनी आज सांगून टाकलं. पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरून गरोदर बायकांना दर शनिवारी तपासणीला नाशिकला आणायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, हे काम डिसेंबरअखेरपर्यंत माझ्याकडे. नीट निभावलं तर पुढे वर्षभर. "चैताली, गाडी भरवशाची आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाई, माझ्यापेक्षा गाडी भरवशाची आहे. घरी आल्यावर हे नवऱ्याला, धम्मपालला, सांगितलं तर म्हणतो, "त्यात काय, तुझ्यापेक्षा आपला मिक्सरसुद्धा भरवशाचा आहे." मास्तर आहे म्हणून सोडून दिलं, नाहीतर चहा मिळाला नसता.

पप्पांना देवळालीला फोन केला. ते म्हणाले, "घाट ओलांडून गेलीस की बॉनेट उघडून ठेवायचं. इंजिनाला वारा लागू द्यायचा. आणि रोज लिहायचं." आर्मीत आयुष्यभर ट्रक चालवले त्यांनी, तिथे गाडीचं सगळं लिहून ठेवतात. मी माझं लिहिणार आहे. गाडी सेकंडहँड असली तरी टर्बोवाली डिझेल आहे आणि माझ्या नावावर आहे. कॅम्पातल्या मैदानावर मला स्टेअरिंग शिकवताना लोक पप्पांना हसायचे. ते लोक आज कुठे असतील कोण जाणे. पप्पा, थँक्यू. तोंडावर म्हटलं तर ओरडाल, म्हणून इथे.

१७ नोव्हेंबर, शनिवार

पहिली फेरी. आधी चांगलं लिहिते.

आंबेपाड्यावर रस्ता थेट खळ्यापाशी संपतो. गाडी वळवायला तेवढीच सपाट जागा. भाताची मळणी जोरात चाललेली, बायका सुपातून भात उपणत होत्या आणि भुसकट नुसतं धुक्यासारखं उडत होतं. सगळ्यांच्या नाकातोंडाला फडकी बांधलेली. मी पप्पांची शिस्त पाळून बॉनेट उघडलं तर सगळा पाडा गोळा झाला. मग मी आपली मास्तरीण झाले. हा पंखा, ही बॅटरी, आणि इथून ती हवा आत ओढते, हे तिचं नाक. "आन् तोंड?" एक म्हातारी म्हणाली. डिझेल टाकतो ते तोंड, मी म्हटलं. म्हातारीने मान डोलावली, तिला पटलं.

ही नवसाबाई. तिची नात रोशनी आमच्या यादीत पहिली. बाविशीची पोर, आठवा महिना. आधीची दोन बाळं हाती लागली नाहीत, आणि आत्ताचं पायाकडून आहे. बाळंतपण नाशिकलाच करायचं, पाड्यावर अजिबात नाही, असं डॉक्टरबाईंनी मला दहादा बजावलंय. रोशनीची आई ती लहान असतानाच गेली, आजीनेच वाढवलं. नवरा बुधा, अगदीच अबोल. आत नेऊन मला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. काय चव! माझी भाकरी होईपर्यंत नवसाबाई बाहेर गाडीची राखण करत बसली होती. मी येऊन बॉनेट लावलं तर म्हणाली, "जा बिनघोर. म्या बघलंय तिच्याकडं."

आता वाईट. येताना घाटात गाडी मेली. म्हणजे बंद नाही पडली, पण पाय पार तळाला टेकवला तरी बैलगाडीच्या चालीने. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि मागे काळा धूर. पाच बायका आत, सगळ्या अवघडलेल्या. बंद करून पुन्हा चालू केली तर शहाण्यासारखी पळाली, आणि दोन वळणांनी परत तेच. डिझेलच खराब असणार. पेठमध्ये भरलं ना मी.

२१ नोव्हेंबर, बुधवार

मुंबई नाक्याजवळच्या मल्हारीकडे गाडी नेली. मल्हारी पाना कमी आणि तोंड जास्त चालवतो, पण मनाने चांगला. त्यालाही डिझेलचाच संशय. डिझेलचा फिल्टर बदलला, टाकी साफ केली. मग हवेच्या फिल्टरचा डबा उघडला आणि हसायलाच लागला. "ताई, ही गाडी पाड्यावर जाते असं कोण म्हणेल? फिल्टर बघा, धुतल्या तांदळासारखा!" मला उगाच अभिमान वाटला. गाडी निगुतीने वापरते म्हटलं मी.

संध्याकाळी इंदिरानगरच्या रस्त्यांवर फिरवून पाहिली, लोण्यासारखी. सुटले बाई.

२४ नोव्हेंबर, शनिवार

सुटले कसली. आज परत घाटात तेच. आणि जे झालं ते लिहितानाही मला कसंतरी होतंय. तिसऱ्यांदा गाडी दमली तेव्हा मागून रोशनी म्हणाली, "ताई, आम्ही उतरतो जरा. तेवढंच हलकं व्हईल." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्या पोटुशा बाया खाली उतरून चढ चालायला लागल्या सुद्धा! हातात हात धरून, गप्पा मारत. मी मागून गाडी सरपटत नेत होते आणि रडत होते. वर पोचल्यावर त्या मलाच धीर देतात, होतं असं, आमचा बैलबी बसतो कधी कधी. यांना तपासायला नेण्यासाठी संस्था मला ठेवते आणि मी यांना घाट चढायला लावते. शाब्बास चैताली.

आज तर पाड्यावर नवसाबाईने मला बाजूला घेऊन विचारलंही होतं, "गाडी बरी हाय ना? माझ्या रोशनीला हीच नेणार हाय." बरी आहे हो, म्हटलं मी. ती खूश होऊन गाडीच्या तोंडावरून हात फिरवून गेली.

२६ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरबाईंना सगळं सांगून टाकलं. लपवून ठेवून झोप लागली नसती. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, रोशनीला आठ डिसेंबरला आणायचं आणि बाळंतपणापर्यंत संस्थेतच ठेवायचं. तोवर गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर त्या दुसरी गाडी बघतील. "चैताली, त्या पोरीला कळा सुरू झाल्या आणि गाडी घाटात अडकली तर बाळ हाताला लागणार नाही. कदाचित तीही." एवढं सरळ कोणी बोललं की बरं असतं. घरी येऊन धम्मपालवर उगाचच डाफरले. त्याने निमूट कांदे चिरून दिले. हा नवरा मला कोणत्या पुण्याईने मिळाला कळत नाही, पण त्याला सांगणार नाही.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

मल्हारीने अंबडच्या एका मित्राचा स्कॅनर आणला. वायर जोडली की गाडीचा कॉम्प्युटर काय दुखतंय ते सांगतो. उत्तर आलं, बूस्ट प्रेशर कमी. मल्हारीने समजावलं ते असं: टर्बो म्हणजे एक पंखा, तो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्याच्यावरच घाटाची ताकद. हवा कमी पडली की कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिन जळू नये म्हणून स्वतःच गाडीला लंगडं करून टाकतो. बंद करून चालू केली की विसरतो. जोर लावला की परत हवा कमी, परत लंगडी. मग माझं लेकरू आजारी नाही, भित्रं आहे तर!

शोधता शोधता एका रबरी पाइपला चीर सापडली. हवा तिथूनच निसटत असणार. नवा पाइप घातला, त्र्यंबकच्या रस्त्याने चाचणी घेतली, नुसती उडाली. जीव भांड्यात पडला. मल्हारीला बळेबळे मिसळ खाऊ घातली.

१ डिसेंबर, शनिवार

घाट. परत. काही लिहावंसं वाटत नाही.

२ डिसेंबर, रविवार

मल्हारी म्हणतो, आता टर्बोच गेला, दुसरं काही उरलंच नाही. मुंबईहून मागवलाय, यायला आठवडा तरी. आठ तारीख हुकणार. पप्पा आलेत, दिवसभर गाडीखाली पडून होते, त्यांनाही काही सापडलं नाही. चिडून मी म्हटलं, विकूनच टाकते भंगारात. तेव्हा ते असे खेकसले! "गाडी खोटं बोलत नाही. आपल्याला ऐकू येत नाही, तो दोष आपला." मोठं वाक्य टाकून पुन्हा गाडीखाली. त्यांनाही ऐकू येत नव्हतंच की.

डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं की आठ तारखेला दुसरी गाडी बघा.

६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी विहारात जाऊन बाबासाहेबांना वंदन करून आले. पप्पा काल दादरला जायला निघणार होते, दर वर्षी जातात, आजवर एकदाही चुकवलं नाही. या वर्षी चुकलं, आणि माझ्यामुळे चुकलं. पण कालचा दिवस त्यांच्याशिवाय निभला नसता. आता शांतपणे लिहिते.

काल सकाळी बुधाचा फोन आला. पाड्यावर मोबाइल लागत नाही, तो खालच्या गावी पळत आला होता. त्या अबोल माणसाच्या तोंडून एवढंच, "ताई, रोशनीला सुरू झालं." दिवसांच्या आधीच. डॉक्टरबाईंची दुसरी गाडी आठ तारखेची ठरलेली, काल ती सुरगाण्याकडे. त्या म्हणाल्या, मी शोधते कोणीतरी, पण वेळ लागेल. तेवढ्यात पप्पा पायात बूट चढवून दारात उभे. "किल्ली कुठाय?" मी म्हटलं, पप्पा, ती घाटात दमते. म्हणाले, "दमेल. पण पोचेल. उभ्या गाडीपेक्षा लंगडी बरी." मग मी विचार केला नाही.

जाताना उतार असल्यामुळे काही त्रास नाही. रोशनीला मागे आडवी केली, तिचं डोकं नवसाबाईच्या मांडीवर. बुधा तिच्या पायाशी, पप्पा माझ्या शेजारी. पोर ओठ चावून गप्प होती, आणि तीच गोष्ट मला जास्त भीती घालत होती.

घाट लागला आणि दोन वळणांत पिवळा दिवा. बंद करा, चालू करा. एक वळण. परत. बंद, चालू. चौथ्या की पाचव्या वेळी ती चढावर जागीच थरथरायला लागली. काळ्या धुराने मागचा रस्ता दिसेना. रोशनीने पहिल्यांदा किंकाळी फोडली. पप्पांनी उतरून चाकाखाली दगड लावला, मी बॉनेट उघडलं. उघडून करणार काय होते? इतके दिवस मल्हारीने आणि पप्पांनी उघडून काय केलं होतं? बुधा उतरून आला आणि हात जोडून उभा राहिला. मला कसले हात जोडतो रे, असं म्हणून मी त्याच्यावर ओरडले. "हिला हवा मिळत नाही! श्वास पुरत नाही हिला, म्हणून चढवत नाही! मी काय करू!"

तेव्हा गाडीतून नवसाबाईचा आवाज आला. अगदी साधा, चूल पेटवताना बोलावं तसा.

"मग नाक सोड की तिचं."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "म्या बांधलंय ना नाक. पयल्या दिशी. भुसकट उडत व्हतं, हिच्या छातीत जाईल म्हनून. लुगड्याचं फडकं कोंबलंय."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हेडलाइटमागच्या, हवा आत ओढायच्या त्या नळीत बोटं घातली. तोंडाशी काहीच नव्हतं, फडकं पार आत वळणावर ओढलं गेलं होतं, म्हणूनच कोणाला दिसलं नाही. त्यांनी तारेचा आकडा करून आत घातला, फिरवला, आणि ओढलं. हिरव्या लुगड्याचा हातभर तुकडा बाहेर आला, भुसकटाने आणि धुळीने माखलेला. इंजिन बंद असलं की ढिला पडायचा, जोर लावला की नळीत बुचासारखा बसायचा. टर्बो ठणठणीत होता. पाइप ठणठणीत होता. पाड्याला नाक मीच दाखवलं होतं.

मी काय बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हातारीवर किंचाळले. "मारलं असतंस तिला! तुझ्याच हाताने मारलं असतंस!" ती नातीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. आणि रोशनी, कळा देत असलेली रोशनी, हसली! "आजे," म्हणाली, "गाडीला पन बैलावानी मुसकी?" आणि पुढची कळ येईपर्यंत हसत होती.

पप्पा म्हणाले, चल. मी चालू केली. पाय टेकवायचा अवकाश, सरळ वर गेली. एकही वळण जाणवलं नाही. मला आयुष्यात कोणत्याच आवाजाने एवढं बरं वाटलं नसेल, जेवढं टर्बोच्या शिटीच्या त्या बारीक आवाजाने वाटलं. डॉक्टरबाई दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या. दुपारी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. पायाकडूनच होती, नाळ मानेला. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पप्पांनी रुमाल काढला, डोळे पुसले, आणि मला म्हणाले, "ऑइल चेक केलंस का?"

आज ज्या ज्या कोणाचे आभार मानायचे त्यांची यादी करायला बसले तर झोप यायची नाही. पप्पा. धम्मपाल, कारण रात्री तो डबा घेऊन आला आणि एक प्रश्न विचारला नाही. डॉक्टरबाई. बुधाचे पाय, खालच्या गावापर्यंत पळालेले. आणि ती म्हातारी. तिच्यावर राग धरावा की तिचे पाय धरावेत, मला अजून ठरवता येत नाही.

८ डिसेंबर, शनिवार

मल्हारीला सांगितलं तर तो हसून हसून चाकावर बसला. मग एकदम गंभीर. म्हणाला, "ताई, फिल्टर एवढा कोरा कसा, हे मी विचारायला हवं होतं ना?" मी म्हटलं, जाऊ दे, मीही मिरवलंच की. मुंबईच्या टर्बोची ऑर्डर रद्द केली.

डॉक्टरबाईंनी वर्षभराचं काम पक्कं केलं. एकच अट घातली, दर शनिवारी गाडीचं नाक तपासायचं. चेष्टा करतात माझी, पण करोत.

नवसाबाई वॉर्डाबाहेर बसून असते. मी रोज जाते, बाळाला बघते, तिच्याशी बोलायला म्हणून जवळ जाते आणि चहाचं विचारून परत येते. ती "नको बाय" म्हणते. बस. तोंडातून माफीचा शब्द फुटत नाही. एरवी माझ्या तोंडाला काय होतं ते धम्मपालला विचारा.

१५ डिसेंबर, शनिवार

आज त्यांना घरी सोडलं. रोशनी मागे, बाळ नवसाबाईच्या मांडीवर, पण पुढे माझ्या शेजारी. मीच पुढे बसवलं. निघाल्या निघाल्या, सगळा धीर एकवटून, म्हटलं, "आजी, त्या दिवशी मी फार बोलले. चुकलं माझं." ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "बरं झालं रागावलीस." मला वाटलं, टोमणा आहे. आहेच, म्हटलं मनात, घे आता.

घाटात उतरताना ती अचानक म्हणाली, "हितं थांबव."

मी आधी डॅशबोर्डकडे पाहिलं. दिवा नव्हता. म्हटलं, उलटी होते का? "नाय. गाडीला काय नाय, मला बी काय नाय. थांबव."

कडेला घेतली. ती बाळाला घेऊन उतरली. मीही उतरले, तिचा पाय घसरू नये म्हणून. वळणाच्या आतल्या बाजूला एक साधा दगड होता, त्याला काही शेंदूर वगैरे नव्हता. मी किती वेळा त्याच्या बाजूने गेले असेन. ती तिथे उकिडवी बसली आणि बाळाच्या तोंडावरचं पांघरूण बाजूला केलं.

"सरिते," म्हणाली, "ही बघ. रोशनीची पोर. जिती हाय."

मग माझ्याकडे न बघता सांगितलं. सरिता तिची लेक, रोशनीची आई. दुसऱ्या खेपेला अडली. तेव्हा गाडी नव्हती, झोळी करून चौघं खांद्यावरून आणत होते. हितवर आली. "झोळीवाले बी दमले, ती बी दमली. कोन काय करनार व्हतं? कोनावर रागवावं, असं बी कोन नव्हतं. तू माझ्यावर रागावलीस ना, तवा मला वाटलं, आता ही वाचंल. हिच्यासाठी भांडनारं मानूस हाय."

मी त्या दगडाला हात लावला आणि तो हात माझ्या डोळ्यांना लावला. मागे गाडीत रोशनी काचेतून बघत होती, तिला हे सगळं माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

नवसाबाईने बाळाला पुन्हा गुंडाळलं, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"चल बाय," म्हणाली. "आता मधी कुठं थांबू नको. पोरीला भूक लागंल."

मी पाड्यापर्यंत कुठेच थांबले नाही.